लाकडावर नाव नाही, मग गाव कसं शोधायचं?

(अमरावती येथील जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

आज मी एका फळीबद्दल बोलणार आहे. विषय पत्रिकेवर मोठा छापलाय, 'आशियाई काष्ठशिल्पांची ओळख' वगैरे, पण माझ्या डोक्यात आहे ती एकच फळी. बाकीचं तिच्या अनुषंगाने येईल.

अकोल्यात एका परिचितांच्या घरी ती मी पहिल्यांदा पाहिली. उंची ६० सेंटिमीटर, रुंदी २०, जाडी ५. वरच्या बाजूला सूर्य आणि चंद्र. मधे घोडेस्वार, हातात काहीतरी उगारलेलं. त्याच्या खाली हात धरून उभी असलेली माणसं, आणि कडेने त्रिकोणांची नक्षी. कुठेही अक्षर नाही, शिक्का नाही, साल नाही. जुन्या सामानाच्या दुकानातून घेतलेली. दुकानदार म्हणाला होता, "लय जुना माल हाये भाऊ, बाहेर देशातला. इंडोनेशियाचा." घरच्यांना ती आवडली, घेतली. आता तिला पॉलिश करून हॉलमधे लावायची होती. मला त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. ही नक्की कुठली? आणि पॉलिश कोणतं चांगलं?

पॉलिशचं उत्तर मी लगेच दिलं. कोणतंच नाही. कापडाने पुसू पण नका. का, ते पुढे कळेल.

आता अशी वस्तू हातात आली की आपण काय करतो? मोबाइल काढतो, फोटो घेतो आणि इंटरनेटला विचारतो. त्या घरच्या मुलीने ते केलंच होतं. तिला गुजरातही मिळालं, नेपाळही मिळालं आणि इंडोनेशियाही. यात मोबाइलची चूक नाही. आपण त्याला चित्र दाखवलं, त्याने चित्रासारखी चित्रं दाखवली. घोडेस्वार कुठे नाही? आपला खंडोबा घोड्यावर. गुजरातेतल्या पाळियांवर घोडेस्वार. पार तिकडे चित्रालच्या डोंगरात कलाश लोक आहेत, त्यांच्यातही मोठ्या माणसाच्या मृत्यूनंतर घोड्यावर बसलेला लाकडी पुतळा करायची रीत होती. आणि सूर्य-चंद्र तर महाराष्ट्रातल्या कोणत्याही वीरगळावर वरच्या टोकाला सापडतील, जोवर चंद्र-सूर्य आहेत तोवर ही आठवण राहो म्हणून. म्हणजे नुसत्या चित्रावरून गेलो तर आपण अर्धा आशिया हिंडून परत अकोल्यात येणार. (हशा)

म्हणून माझा क्रम उलटा असतो. आधी लाकूड, मग हत्यार, मग झीज. चित्र सगळ्यात शेवटी. चित्राची नक्कल करता येते, चित्र एका मुलखातून दुसऱ्या मुलखात जातं. ऊन-पावसाने झालेली झीज अशी उचलून नेता येत नाही.

लाकडापासून सुरू करू. पहिलं काम वजन. घरातला साधा काटा चालतो. ही फळी ६० गुणिले २० गुणिले ५, म्हणजे ६००० घन सेंटिमीटर. वाळलेला साग एका घन सेंटिमीटरला साधारण ०.६५ ग्रॅम धरला तर ३.९ किलो व्हायला हवेत. कोरताना लाकूड गेलं, पावसाने काही खाल्लं, ते वजा करा. काट्यावर ती साडेतीन किलोच्या आसपास भरली. साग असू शकतो. शिसवी असती तर अजून जड लागली असती. पांगारा असता तर याच्या निम्म्याच्याही खाली आली असती. आबनूस तर पाण्यात बुडतो. वजनाने लाकडाचं नाव कळत नाही, पण कोणती नावं खोडायची ते कळतं.

दुसरं काम भिंग. दहापट मोठं दाखवणारं, ते सोनाराकडे असतं ना, तसलं. लाकडाचा आडवा छेद बघायचा, म्हणजे फळीचं टोक, जिथे रेषा संपतात ती बाजू. सागात प्रत्येक वार्षिक वर्तुळाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग दिसते आणि पुढे छिद्रं बारीक होत जातात. शिसवीत ती विखुरलेली असतात. चंदनात छिद्रं इतकी बारीक की नुसत्या डोळ्याला दिसतच नाहीत. आणि देवदारात, किंवा जपानी नोह नाटकाचे मुखवटे ज्याचे करतात त्या हिनोकीत, अशी छिद्रंच नसतात, ती सूचिपर्णी झाडं आहेत. हे बघायला प्रयोगशाळा लागत नाही. सवय लागते. परतवाड्याच्या लाकूड आगारात ज्यांनी वर्षं काढली ती माणसं भिंगाशिवाय नाव सांगतात, वासावरून. ताज्या कापाला सागाचा वास जुन्या चामड्यासारखा येतो.

इथे थोडं बाहेर जातो, कारण तुमच्यापैकी कोणाच्या घरात वेगळी वस्तू असेल. नेपाळातल्या देवळांच्या छपराखालचे कोरीव टेकू बहुतेक सालाचे असतात. चिनी पेटीचं झाकण उघडल्यावर कापराचा वास आला तर ती कापराच्या झाडाची. बाली बेटावरून आलेल्या पुष्कळ मूर्ती आपल्याकडे रस्त्याच्या कडेला असतो त्या रेन ट्रीच्या असतात. हे झाड मूळचं अमेरिकेतलं, आग्नेय आशियात ते एकोणिसाव्या शतकात गेलं. तेव्हा त्या लाकडाची मूर्ती कोणी 'तीनशे वर्षांपूर्वीची' म्हणून दाखवली तर चहा घ्या आणि निघा.

आपली फळी साग निघाली. दुकानदार लगेच म्हणेल, बघा, जावामधेही साग आहे! बरोबर आहे त्याचं. साग भारतात, ब्रह्मदेशात, थायलंडमधे, लाओसमधे मुळातच वाढतो, आणि जावामधे कित्येक पिढ्यांपासून लावलेला आहे. शिवाय लाकूड प्रवास करतं. १८६३ साली स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ब्रह्मदेशच्या सागाचाच व्यापार करत होती. त्यामुळे 'साग आहे म्हणून मेळघाटचा' असं मी म्हणणार नाही. लाकडाने फक्त जपान, नेपाळ, तिबेट बाजूला केले. तेवढं पुरे.

आता हत्यार. फळी तिरप्या उजेडात धरायची. टॉर्च बाजूने मारा, समोरून नको. पाठीमागच्या बाजूला उथळ, थोडे वाकडे खाचे दिसले. ते वाकसाचे. रंधा फिरवलेला नाही. पुढच्या बाजूला कोरलेल्या रेघांच्या तळाशी पटाशीचे ठोके, प्रत्येक ठोका वेगळा मोजता येतो. काठावरचे त्रिकोण एकसारखे नाहीत, शेवटचे दोन जागा संपत आली म्हणून दाबून बसवलेत. मशिनवर केलेल्या कामात असं होत नाही. बाजारासाठी दहा-वीस एकदम करणारा कारागीरही असं करत नाही, कारण त्याला माप पाठ असतं. ही फळी करणाऱ्याने अशा शंभर केलेल्या नाहीत. माझा हा अंदाज आहे, पुरावा म्हणू नका, पण तिथेच माझं इंडोनेशियावरचं मन उडालं.

आणि आता झीज. यावर मी जरा थांबणार आहे, कारण खरी गोष्ट इथे आहे.

सागाच्या वर्तुळात मऊ भाग आणि टणक भाग आलटून पालटून असतात. फळी उघड्यावर वर्षानुवर्षं राहिली की पाऊस मऊ भाग खातो, टणक भाग उभा राहतो. हात फिरवला की बारीक रेघोट्या लागतात, रंग राखाडी होतो. या फळीला वरच्या टोकाला हे सगळ्यात जास्त होतं, खाली येताना कमी. एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, म्हणजे पावसाचा मारा एका अंगाने. घरातल्या वस्तूला असं होत नाही. वाड्यातल्या खांबाच्या कणीला धूर लागतो, तेल लागतं, चुन्याचे थर बसतात. मुखवट्याच्या आतल्या बाजूला घाम मुरतो, दोरीच्या भोकांच्या कडा गुळगुळीत होतात. पालखीतली मूर्ती जिथे हाताने धरतात तिथे झिजते. आपल्या फळीला यातलं काही नव्हतं. ती उभी होती, आकाशाखाली, एकाच जागी, पुष्कळ वर्षं. पॉलिश नको म्हटलं ते यासाठी. पॉलिश पेपरचा एक हात फिरला असता तर हे सगळं गेलं असतं.

मग मी ती उलटी केली. खालची बाजू बघायची कोणाला सुचलं नव्हतं, मलाही उशिराच सुचलं हे कबूल करतो. सगळी फळी राखाडी आणि तळाचा काप पिवळसर. ताजा. करवतीच्या दातांचे सरळ ओरखडे. कोणीतरी तिचा खालचा भाग कापून टाकला होता. का? टेबलावर नीट उभी राहावी म्हणून. आणि कापाच्या जरा वर, चारी बाजूंनी, लाकूड काळपट आणि भुसभुशीत, ओलाव्याने खाल्लेलं. म्हणजे ती जमिनीत रोवलेली होती. जमिनीतला भाग कुजका दिसतो, गिऱ्हाइकाला आवडत नाही, म्हणून करवत लावली.

गंमत बघा, किंवा गंमत नका म्हणू, पण त्या ताज्या कापामुळेच मला आडवा छेद स्वच्छ मिळाला होता. लाकूड ओळखायला ज्याचा उपयोग झाला तीच फळीला झालेली इजा होती.

आता चित्राकडे या. आता चित्राला विचारायला हरकत नाही, कारण प्रश्न लहान झालाय. सागाच्या प्रदेशात, उघड्यावर जमिनीत रोवलेली, हाताने केलेली, दोनेक फुटांची कोरीव फळी, वर सूर्य-चंद्र आणि खाली स्वार. कोण रोवतं अशी?

गडचिरोली-बस्तरकडे माडिया आणि गोंड लोकांत मृतांसाठी लाकडी खांब उभारायची परंपरा आहे, पण ते खांब असतात, चारी अंगांनी कोरलेले, आकाराने मोठे. भिल्लांचे गाथे दगडी. डांग, नाशिक, पालघरकडे वारली-कोकणा लोकांचा वाघदेव असतो, तिथे लाकडी फळीवर सूर्य, चंद्र, नाग कोरतात आणि मधे वाघ. ती फळी आपल्या फळीच्या खूप जवळ जाते, एखाद्याचा गोंधळ होईल. पण तिथे वाघ हवा. आपल्याकडे स्वार आहे.

आणि मग राहतो तो आपला मेळघाट. कोरकू लोकांचा मुंडा.

इथे अमरावतीत बसून मला हे शोधायला इंडोनेशियावरून यावं लागलं, हे बोलताना थोडी लाज वाटते. धारणी आणि चिखलदरा इथून काही तासांवर. कोरकू भाषा मुंडा कुळातली, तिच्या नात्यातल्या भाषा झारखंड-ओडिशाकडे. त्या कुळातली ती सगळ्यात पश्चिमेची भाषा. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय, कोरकू म्हणजे माणसं. आता भाषेच्या कुळाचं नाव मुंडा आणि या फळीचं नावही मुंडा, त्यावरून कोणी सिद्धांत मांडू नका, मी आधीच सांगून ठेवतो.

मृत्यूनंतर लगेच नव्हे, काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी, घरची ऐपत होईल तेव्हा, कोरकूंमधे सिडोली नावाचा विधी होतो. त्या विधीने मेलेला माणूस पूर्वजांत जाऊन मिळतो. त्याच्या नावाने मुंडा रोवतात, आधीच्या मुंड्यांच्या जागी. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरचा ग्रंथ १९१६ साली चार खंडांत निघाला, त्यात या मुंड्याचं वर्णन आहे. लाकडी फळी, तिच्यावर सूर्य आणि चंद्र, एक कोळी, माणसाचा कान, आणि खाली घोड्यावर बसलेला, हातात हत्यार घेतलेला तो माणूस, ज्याच्यासाठी ती उभारली. खर्च झेपावा म्हणून एकाच मुंड्यात अनेक मृतांना सामावून घेतात, असंही त्यांनी नोंदवलंय. पुढे स्टीफन फुक्स यांनी कोरकूंवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं, ते १९८८ सालचं.

ते वर्णन वाचल्यावर मी फळी पुन्हा भिंगाखाली घेतली. चंद्राच्या बाजूला एक खूण होती, आठ पायांची. मी तिला फूल समजलो होतो.

फळी कोरकूंची, इथवर आलो. पण हे उत्तर पूर्ण आहे का? संग्रहालयाच्या पाटीपुरतं आहे. 'कोरकू स्मृतिफलक, साग, मध्य भारत.' पण कोरकू एका जागी नाहीत. मेळघाट आहे, अकोल्याच्या उत्तरेला सातपुड्याचा पायथा आहे, आणि वर बैतुल, खंडवा, बुऱ्हाणपूर, थेट पचमढीपर्यंत. म्हणून मी फळीचे फोटो घेऊन धारणीकडे गेलो. सगळ्या बाजूंचे फोटो, तळाचासुद्धा. एका वृद्ध बाबांना दाखवले. मला वाटलं होतं ते चित्राबद्दल बोलतील. त्यांनी एकेक फोटो शांतपणे पाहिला, तळाच्या फोटोवर थांबले आणि हिंदीत विचारलं, "इसका पाँव कहाँ है?"

मी सांगितलं, कापलाय. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले की हा आमच्या बाजूचा वाटत नाही, घोड्याची मान आमच्याकडे अशी काढत नाहीत, वरच्या अंगाला विचारा. वरचं अंग म्हणजे तापीच्या पलीकडे.

मी इतकी वर्षं 'ही वस्तू कुठली' असं विचारत आलो. त्या बाबांनी तिला पाय आहे की नाही ते आधी बघितलं. रोवलेल्या मुंड्याच्या बाबतीत पाय म्हणजे त्याची जागा. आणि आपल्या भागात हा प्रश्न फार लांबचा नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत व्याघ्र प्रकल्पातून बारूखेडा, धारगड, गुल्लरघाट अशी गावं उठून खाली अकोट तालुक्याच्या बाजूला आली. घरं मोजली गेली, शेतं मोजली गेली, त्यांचे पैसे ठरले. मुंडे जमिनीत रोवलेले असतात. गाव उठतं तेव्हा त्यांच्यासाठी कोणत्या यादीत रकाना असतो, ते ज्यांनी याद्या केल्या त्यांना विचारण्यासारखं आहे.

थांबतो इथे. प्रश्न घेऊ.

प्रश्न: कार्बन डेटिंग केलं तर वय कळणार नाही का?

नाही, निदान तुम्हाला हवं तसं नाही. कार्बन-१४ ने लाकूड कधी वाढलं ते कळतं, ते कधी कोरलं ते नाही. शिवाय १६५० नंतरच्या तीनशे वर्षांत त्याची उत्तरं एकमेकांत मिसळतात, एकाच नमुन्याला दोन-तीन वेगवेगळे काळ निघतात. सागाची वर्तुळं मात्र चांगली वाचता येतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत सागाच्या वर्तुळांवरून जुन्या पावसाचा अभ्यास झालाय. पण फळीला साल नाही, बाहेरची वर्तुळं तासलेली आहेत, मग शेवटचं वर्ष हाती लागत नाही. लाकडाच्या नावाबद्दल वाद असेल तर डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत किंवा बंगळुरूच्या लाकूड विज्ञान संस्थेत विचारता येतं. त्याआधी आपल्या गावातल्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात जा. तुकडा मात्र तोडू नका, जुनी फुटलेली जागा असेल तिथेच बघायला सांगा.

प्रश्न: माझ्याकडे आजोबांनी ब्रह्मदेशातून आणलेली बुद्धमूर्ती आहे. ती विकली तर कायद्यात बसतं का?

१९७२ चा पुरावशेष आणि कलानिधी कायदा आहे. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर ती पुरावशेषात मोडते. खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही, आणि पुरावशेषांचा व्यापार करायला परवाना लागतो. विकायच्या आधी तिचे सगळ्या बाजूंनी फोटो घ्या, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवून. आणि आजोबा तिथे कोणत्या गावात, कोणत्या साली होते, ते घरातल्या वडीलधाऱ्यांकडून आजच लिहून घ्या. मी भिंगाने दहा दिवसांत जे शोधीन ते तुमची आत्या दहा मिनिटांत सांगेल.

प्रश्न: त्या फळीचं पुढे काय झालं?

आम्ही पुन्हा दुकानदाराकडे गेलो. भांडायला नाही, म्हणून तो बोलला. इंडोनेशिया त्याने असंच सांगितलं होतं, त्याने गिऱ्हाईक थांबतं म्हणे. माल बुऱ्हाणपूरकडून जुन्या दरवाजांच्या चौकटींबरोबर आला होता, एका ट्रकमधे. म्हणजे धारणीच्या बाबांचं 'वरचं अंग' बरोबर असण्याची शक्यता वाढली. चौकटी कोणत्या गावातल्या, ते त्याला आठवत नव्हतं. ट्रकवाल्याचा नंबर त्याने दिला, तो लागतो, पण समोरचा माणूस अजून नीट बोललेला नाही.

काही लोक म्हणतात, कोणत्याही कोरकू गावात नेऊन द्या. ते मला पटत नाही. मुंडा एका घरातल्या माणसाचा असतो, परक्याच्या पूर्वजाला ते कुठे रोवणार? तुमच्या आजोबांचा टाक मी उचलून दुसऱ्याच कोणाच्या देव्हाऱ्यात ठेवला तर चालेल का? त्या घरच्यांनी हॉलमधला बेत सोडला. फळी सध्या सुती कापडात गुंडाळून आतल्या खोलीत ठेवली आहे, आडवी न ठेवता भिंतीशी उभी. त्यांच्या आईने तसं सांगितलं. दिवाळीनंतर आम्ही फोटो घेऊन खकनारच्या बाजूला जाणार आहोत.